एकच नाव, दोन नोंदी: कोरियन अक्षरांच्या कोडिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कोरियन कंपनी. मुख्यालय सोलला लागून असलेल्या ग्यॉन्गी प्रांतात, भारतातला कारखाना पुण्याजवळ चाकणला. ड्रॉइंग, तपासणी मानकं, कामाच्या सूचना असे दोन्हीकडचे कागद एकाच पोर्टलवर राहतात. सर्व्हर लिनक्सचा, डेटाबेस पोस्टग्रेसचा. पोर्टल कोरियात बांधलं गेलं आणि पुढे त्याची देखभाल चाकणच्या आयटी टीमकडे आली. कंपनीचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. तांत्रिक तपशील मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. पहिली, या पोर्टलवर कागदाची ओळख त्याच्या फाइलच्या नावाने ठरत होती. त्याच नावाची फाइल पुन्हा चढवली की पोर्टल तिला नवी आवृत्ती मानायचं आणि जुनी आवृत्ती आपोआप मागे टाकायचं. दुसरी, चाकणच्या तपासणी विभागात कोरियन वाचता येणारं कुणी नव्हतं. मुख्यालयाच्या ईमेलमधलं नाव उचलायचं, शोधाच्या चौकटीत चिकटवायचं आणि जे वर येईल ते उघडायचं, अशी तिथली पद्धत होती. नावं कोरियनच ठेवायची हा मुख्यालयाचा नियम होता आणि तो रास्तच होता. ज्या भाषेत कागद लिहिला त्याच भाषेत त्याचं नाव असणार.

तक्रारी

तक्रारी एकदम आल्या नाहीत. त्या वेगवेगळ्या विभागांतून आल्या आणि वेगवेगळ्या तिकिटांत नोंदल्या गेल्या. यादीत डोळ्यांना दिसणारी फाइल शोधात सापडत नाही, ही एक. एकाच नावाच्या दोन नोंदी दिसतात, ही दुसरी. काही फाइली चढवताना ‘नाव फार लांब आहे’ असा नकार येतो, ही तिसरी. नाव मोजून पाहिलं तर जेमतेम एक ओळ भरत होती. विंडोजच्या शेअर फोल्डरमधे काही नावं फुटून दिसतात, अक्षराचे तुकडे एकापुढे एक पसरलेले, ही चौथी. आणि मुख्यालयातल्या संपर्क व्यक्तींच्या यादीत काही नावांच्या मधोमध प्रश्नचिन्ह येतं, ही पाचवी.

फुटलेल्या नावांची तक्रार आधी हाताळली गेली. तेव्हाच्या सपोर्ट कंत्राटदाराने तपासणी विभागाच्या संगणकांवर नवा कोरियन फॉन्ट बसवला. बऱ्याच ठिकाणी नावं नीट दिसू लागली आणि तिकीट बंद झालं. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महाग वळण हेच. फॉन्टने फक्त दिसणं सुधारलं. ज्या लक्षणावरून रोग ओळखता आला असता ते लक्षण मात्र त्यामुळे झाकलं गेलं.

खरी खळबळ उडाली ती एका नव्या भागाच्या पहिल्या नगाच्या तपासणीत. तपासनीसाने शोधून उघडलेलं तपासणी मानक आणि टेबलावरचं ड्रॉइंग यांत एका भोकाच्या व्यासाची सूट (टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक) जुळेना. लॉट अडवून ठेवला, मुख्यालयाला विचारलं, आणि तिकडून उत्तर आलं की ते मानक केव्हाच बदललं आहे, नवी आवृत्ती पोर्टलवर आहे. ती होतीच. फक्त ती आवृत्ती म्हणून चढलेली नव्हती, त्याच नावाची स्वतंत्र नोंद म्हणून बसली होती. शोधात सापडत होती ती जुनी.

क्वालिटीचे साहेब म्हणाले, “नाव तेच, स्पेलिंग तेच, तरी दोन नोंदी कशा? एक तर तुमचं पोर्टल खोटं बोलतंय, नाहीतर माझे डोळे.” प्रश्न अगदी बरोबर होता. डोळे खोटं बोलत नव्हते, आणि पोर्टलही नाही.

दिसायला एक, आत दोन

टीममधल्या एकीने दोन्ही नोंदींच्या नावांची लांबी डेटाबेसला विचारली. नावातला पहिला शब्द ‘दोम्यॉन’ होता, म्हणजे ड्रॉइंग. कोरियनमधे तो दोन अक्षरांत लिहितात: दो आणि म्यॉन. एका नोंदीत त्याची लांबी २ आली, दुसरीत ५. लांब नावं का नाकारली जात होती, शोध का चुकत होता, नावं का फुटत होती, या सगळ्यांची वाट या दोन आकड्यांपासून निघाली.

हांगुल ही वर्णांची लिपी आहे. राजा सेजोंगच्या काळात ती रचली गेली आणि १४४६ मधे जाहीर झाली. तिचे वर्ण मात्र एका ओळीत मांडत नाहीत, चौकोनात रचून एक अक्षर करतात. आधी व्यंजन, मग स्वर, आणि हवं असल्यास खाली आणखी एक व्यंजन किंवा व्यंजनांची जोडी. आजच्या कोरियनमधे आरंभीची व्यंजनं १९, स्वर २१, आणि शेवटची व्यंजनं व जोड्या मिळून २७. शेवटी काहीच नसणं ही एक शक्यता धरली की २८. गुणाकार केला की ११,१७२ अक्षरं होतात.

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक. त्यात ही अक्षरं दोन तऱ्हांनी लिहिता येतात. पहिल्या तऱ्हेत प्रत्येक पूर्ण अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ४४,०३२ पासून ५५,२०३ पर्यंत, मधे एकही जागा रिकामी न ठेवता. दुसऱ्या तऱ्हेत सुटे वर्ण, ज्यांना जामो म्हणतात, एकामागून एक ठेवायचे, आणि अक्षराचा चौकोन रचायचं काम फॉन्ट व अक्षररचना करणाऱ्या यंत्रणेवर सोपवायचं. ‘म्यॉन’ पहिल्या तऱ्हेत ४७,७३२ हा एकच क्रमांक. दुसऱ्या तऱ्हेत ४,३५८, ४,४५५ आणि ४,५२३ असे तीन. हे क्रमांक बाइटमधे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत यांतला प्रत्येक क्रमांक ३ बाइट घेतो. त्यामुळे ‘दोम्यॉन’ एका रूपात ६ बाइटचा, तर दुसऱ्या रूपात १५ बाइटचा.

या दोन रूपांमधला पूल निव्वळ अंकगणिताचा आहे, आणि तो मला फार सुंदर वाटतो. आरंभीच्या व्यंजनाचा क्रम शून्यापासून मोजा, त्याला २१ ने गुणा, स्वराचा क्रम मिळवा, सगळ्याला २८ ने गुणा, शेवटच्या व्यंजनाचा क्रम मिळवा आणि ४४,०३२ जोडा. म्यॉनसाठी क्रम ६, ६ आणि ४. सहा गुणिले २१ अधिक ६ म्हणजे १३२; गुणिले २८ म्हणजे ३,६९६; अधिक ४ म्हणजे ३,७००; आणि ४४,०३२ मिळवून ४७,७३२. उलट जायचं तर भागाकार करायचा. म्हणूनच युनिकोडच्या मुख्य डेटा फाइलीत या ११,१७२ अक्षरांची फोड एकेक करून लिहिलेलीच नाही. तिथे फक्त पहिलं आणि शेवटचं अक्षर आहे, बाकी सगळं या सूत्रातून निघतं.

जुळलेल्या रूपाला एनएफसी आणि सुट्या रूपाला एनएफडी म्हणतात. युनिकोडच्या नियमाने ही दोन्ही रूपं समान आहेत. पण समान आहेत हे कुणीतरी संगणकाला विचारायला लावावं लागतं. लिनक्सच्या फाइल व्यवस्थेत आणि डेटाबेसच्या नेहमीच्या तुलनेत बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळं.

सुटं रूप आलं कुठून? मुख्यालयातला डिझाइन विभाग मॅक वापरत होता. ॲपलची १९९८ ची एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था नावं फोडूनच साठवायची. २०१७ मधे तिच्या जागी एपीएफएस आली. ती नाव दिलं तसं ठेवते आणि तुलना करताना दोन्ही रूपं एकच मानते, पण मॅकवरची बरीच ॲप नाव आजही सुट्या रूपातच लिहितात. विंडोजचा कोरियन कीबोर्ड मात्र जुळलेलं अक्षर देतो. तर घडलं असं: विंडोजवाल्याने मानक चढवलं. डिझाइन विभागातल्या सहकाऱ्याने ते उतरवून मॅकवर दुरुस्त केलं, जतन केलं आणि त्याच नावाने पुन्हा चढवलं. त्याच्या दृष्टीने ती दुसरी आवृत्ती होती. पोर्टलच्या दृष्टीने तो नवा कागद होता.

लांब नावांचा उलगडाही इथेच झाला. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल व्यवस्थेत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. जुळलेल्या रूपात त्यात ८५ कोरियन अक्षरं मावतात. सुट्या रूपात, प्रत्येक अक्षराला शेवटचं व्यंजन असेल तर, २८.

हे दुहेरी रूप का आहे

पर्याय तोलताना टीममधे एक प्रश्न वारंवार आला: कोरियन लोकांनी एकच पद्धत का नाही ठरवली? ठरवण्याचा प्रयत्न झाला होता, आणि त्याचा इतिहास या प्रकरणातल्या पाचव्या तक्रारीशी थेट जोडलेला आहे.

दक्षिण कोरियाच्या केएस सी ५६०१ या मानकाच्या १९८७ च्या आवृत्तीने ९४ गुणिले ९४ चौकटींच्या तक्त्यात अक्षरं बसवली. त्यात ४,८८८ चिनी चित्राक्षरं गेली आणि हांगुलच्या वाट्याला आल्या २५ ओळी, म्हणजे २,३५० अक्षरं. रोजच्या वापरातली अक्षरं निवडून घेतली होती. उरलेली ८,८२२ बाहेर राहिली. ‘त्तोम’ हे त्यांतलं गाजलेलं उदाहरण: उच्चारता येतं, हाताने लिहिता येतं, पण तक्त्यात नाही. या तक्त्याला ‘तयार’ पद्धत म्हणत. समोर ‘जुळणी’ची पद्धत उभी होती. तिच्यात १६ बिटांपैकी पहिलं खुणेसाठी आणि उरलेली पाच-पाच-पाच अशी तीन वर्णांना वाटलेली. तिच्यात सगळी ११,१७२ अक्षरं लिहिता येत. वाद बराच रंगला. १९९२ च्या आवृत्तीत जुळणीची पद्धत परिशिष्ट म्हणून आली. विंडोज ९५ च्या काळात मायक्रोसॉफ्टने तिसरीच वाट धरली. जुन्या तक्त्याला हात न लावता राहिलेली ८,८२२ अक्षरं मोकळ्या जागांत बसवली. तिला सीपी९४९ म्हणतात. सगळी अक्षरं मिळाली, पण क्रमांकांचा क्रम आणि वर्णक्रम यांची फारकत झाली.

युनिकोडही यातून सुटलं नाही. १९९३ च्या १.१ आवृत्तीत ६,६५६ हांगुल अक्षरं तीन तुकड्यांत होती. जुलै १९९६ च्या २.० आवृत्तीत ती सगळी तिथून उचलली आणि ११,१७२ चा सलग, वर्णक्रमानुसार पट्टा नव्या जागी मांडला. ज्यांनी जुन्या क्रमांकांनी मजकूर साठवला होता त्यांचा मजकूर निरर्थक झाला. १९९९ मधे त्या मोकळ्या झालेल्या जागी चिनी चित्राक्षरांचा विस्तार बसला, म्हणजे जुना कोरियन मजकूर आता चिनी दिसणार. या स्थलांतरानंतर युनिकोडने एकदा दिलेलं अक्षर पुन्हा कधी हलवायचं किंवा काढायचं नाही असं पक्कं धोरण केलं. आज आपण देवनागरी निर्धास्त साठवतो, त्या भरवशामागे ही कोरियन किंमत आहे, म्हणून मला हा भाग महत्त्वाचा वाटतो.

सुटे जामो काढून का टाकले नाहीत? आज वापरात नसलेल्या वर्णांचं जुनं कोरियन साहित्य त्यांच्याशिवाय लिहिताच येत नाही. आणि आता ते काढता येणारही नाहीत.

पर्याय

पहिली सूचना कारखान्याच्या व्यवस्थापनाकडून आली: यापुढे सर्व नावं इंग्रजीत. बोलायला सोपी. मुख्यालयातल्या दस्तऐवज विभागाच्या ग्वाजांगनिम यांनी ती शांतपणे बाजूला ठेवली. (तिथे अधिकाऱ्याला हुद्द्यानेच हाक मारतात, आणि चाकणलाही आम्ही सगळे तेच म्हणायचो.) त्यांचं म्हणणं असं की नावाचं भाषांतर प्रत्येक इंजिनियर वेगळं करेल आणि एका कागदाची पाच इंग्रजी नावं होतील. शिवाय हा त्रास त्यांच्याकडे सर्वांना ठाऊक होता. तिकडे त्याला ‘जासो बुल्ली’, म्हणजे वर्णांची फूट, असं म्हणतात. त्यावर छोटी साधनंही मिळतात, मॅकवर फाइलचं नाव जुळवून देणारी. दुसरा पर्याय त्यातूनच निघाला, की मॅकवाल्यांनी चढवण्यापूर्वी ते साधन वापरावं. पण हा सगळा भार माणसाच्या आठवणीवर टाकणं होतं. एक जण विसरला की पुन्हा जुनं मानक तपासणीच्या टेबलावर.

तिसरा पर्याय फक्त शोध दुरुस्त करण्याचा. शोधाचा शब्द आणि साठवलेलं नाव दोन्ही तुलनेपुरते जुळवून घ्यायचे. काम थोडं, धोका थोडा. तपासनीसाला दोन्ही नोंदी सापडल्या असत्या. पण त्या दोनच राहिल्या असत्या, आणि कोणती ताजी हे ठरवणं पुन्हा त्याच्याच गळ्यात.

चौथा पर्याय दारातच नॉर्मलायझेशन करण्याचा, म्हणजे नाव एकाच ठरलेल्या रूपात आणण्याचा: नाव कुठूनही येवो, पोर्टलमधे शिरताना ते एनएफसी होणार, आणि डेटाबेस त्याखेरीज दुसरं रूप घेणारच नाही.

निर्णय आणि त्यांच्यातल्या अडचणी

चौथा पर्याय निवडला गेला, पण क्वालिटी विभागाचा आक्षेप वजनदार होता. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्रासाठी कागदपत्रांच्या नियंत्रणाची तपासणी होते. “नोंदीचं नाव यंत्राने बदललं असं ऑडिटरला कसं सांगू?” असं साहेबांनी विचारलं. यावर दोन गोष्टी ठरल्या. आलेलं मूळ नाव, बाइटनबाइट, वेगळ्या रकान्यात जपायचं. आणि प्रत्येक फाइलचा आधीच नोंदलेला हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेला, ठशासारखा आकडा) दाखवायचा, कारण नाव बदलल्याने आतला मजकूर तसूभरही बदलत नाही. हा आक्षेप आला नसता तर मूळ नावं कदाचित जपलीच गेली नसती, आणि पुढे ती उपयोगी पडली.

मग प्रश्न आला कुठल्या नॉर्मलायझेशनचा. एका प्रोग्रामरचा आग्रह एनएफकेसीसाठी होता. हे रूप अधिक धीट आहे: अर्ध्या रुंदीची अक्षरं, वर्तुळातले आकडे, एका चौकटीत दाबून बसवलेली ‘मिमी’, ‘किग्रॅ’सारखी एककं, सगळं साध्या अक्षरांत आणतं. कोरियन कागदांत अशी चिन्हं भरपूर असतात. कंपनीच्या नावाआधी ‘जू’ हे अक्षर कंसात घालून केलेलं एकच चिन्ह तर जवळजवळ प्रत्येक पुरवठादाराच्या नावात होतं. शोधासाठी हे उत्तम, कारण कुणी ते चिन्ह टाइप करतो, कुणी साधा कंस. पण साठवणीसाठी ते धोक्याचं. एनएफकेसी वर्गाचा छोटा २ साध्या २ मधे बदलतं. १० चा वर्ग १०२ होतो. इंजिनियरिंगच्या कागदाच्या नावात हे चालणार नाही.

तेव्हा दोन थर झाले. साठवलेलं नाव एनएफसी. त्याच्या शेजारी फक्त शोधासाठी एक लपलेली चावी, एनएफकेसी करून. वापरणाऱ्याला चावी कधी दिसत नाही. या प्रकरणातला मला सर्वांत पटलेला निर्णय हाच. तुलना सैल असू शकते, साठवण नाही.

डेटाबेसलाही पहारेकरी केलं. पोस्टग्रेस १३ पासून एखादा मजकूर जुळलेल्या रूपात आहे का, हे डेटाबेसलाच विचारता येतं. ती अट रकान्यावर लावली. लगेच एक विसरलेलं दार सापडलं. मुख्यालयातून रात्री आपोआप येणारा फाइलींचा गठ्ठा पोर्टलच्या चढवण्याच्या पानातून येतच नव्हता, थेट डेटाबेसमधे लिहीत होता. अट लागल्यावर ते काम पहिल्याच खेपेला अडलं. काहींना वाटलं अट काढावी. ती ठेवली आणि आयात करणारा प्रोग्राम दुरुस्त केला.

जुन्या नोंदी हा सर्वांत वेळखाऊ भाग. ज्यांचं नाव सुटं आणि त्याच नावाची जुळलेली जोडीदार नोंद नाही, त्यांची नावं यंत्राने बदलली. जिथे जोडी होती आणि दोन्ही फाइलींचा हॅश एकच, तिथे एक नोंद ठेवून दुसरीचा इतिहास तिला जोडला. जिथे हॅश वेगळे, तिथे यंत्राला हात लावू दिला नाही. तारखेवरून ताजी आवृत्ती ठरवावी असा प्रस्ताव होता, पण चढवण्याची तारीख म्हणजे मंजुरीची तारीख नव्हे. ती यादी ग्वाजांगनिम यांच्याकडे गेली, आणि काही जोड्यांत खरोखरच आधी चढवलेली फाइल लागू निघाली, नंतरची निव्वळ मसुदा होती. यंत्राने तारीख पाहून निकाल दिला असता तर आणखी चुकीची मानकं चालू झाली असती.

ईमेलमधले जुने दुवेही तुटणार होते, कारण त्यांच्या पत्त्यात सुट्या रूपाचे बाइट कोरलेले होते. पत्ता आल्यावर आधी जुळवायचा आणि मग शोधायचा, एवढी भर घातली तेव्हा ते चालले. जे तरीही चालले नाहीत ते मूळ नावांच्या रकान्यावरून सापडले.

प्रश्नचिन्हांचा वेगळा रोग

पाचवी तक्रार सुरुवातीला याच ओघात धरली होती. नॉर्मलायझेशन लागू झाल्यावर प्रश्नचिन्हं जागच्या जागी राहिली, तेव्हा ती वेगळी काढली.

संपर्कांची यादी मुख्यालयाच्या जुन्या मनुष्यबळ प्रणालीतून येत होती. तो जावाचा प्रोग्राम होता आणि निर्यात करताना ईयूसी-केआर हे कोडिंग वापरत होता. तेच २,३५० अक्षरांचं. ज्या नावात तक्त्याबाहेरचं अक्षर असे, तिथे प्रोग्राम काही न बोलता प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होई. वेब ब्राउझर ईयूसी-केआर म्हटलं तरी प्रत्यक्षात सीपी९४९ धरून वाचतात, म्हणून ब्राउझरमधे चाचणी घेणाऱ्यांना हा फरक कधी दिसला नव्हता.

हे दोन रोग एकत्र पाहणं चुकीचं होतं, कारण त्यांचा स्वभाव उलटा आहे. अक्षराची फूट कितीही विद्रूप दिसली तरी काही हरवत नाही, सूत्राने सगळं परत येतं. प्रश्नचिन्हात मात्र माणसाच्या नावाचं अक्षर गेलेलं असतं. कुठल्याही प्रोग्रामने ते परत येत नाही, मूळ नोंदीकडेच जावं लागतं. निर्यातीचं कोडिंग यूटीएफ-८ केलं, आणि न लिहिता येणारं अक्षर आलं तर प्रोग्रामने थांबून ओरडावं असं ठरवलं. आधीच्या बिघडलेल्या नोंदी मुख्यालयाने हाताने भरून दिल्या.

मराठी फाइलींचं काय निघालं

जुन्या नोंदींची चाचणी धाव घेतली तेव्हा बदलणाऱ्या नावांच्या यादीत कोरियन नसलेली नावंही आली. ‘दुसऱ्या पाळीची उपस्थिती’, ‘कऱ्हाड पुरवठादार’, सुरक्षेच्या सूचनांचे काही फलक. सगळ्यांत एक गोष्ट समान होती: ‘ऱ’. हे अक्षर युनिकोडमधे २,३५३ या एका क्रमांकाने लिहिता येतं, किंवा ‘र’चा २,३५२ आणि नुक्त्याचा, म्हणजे खालच्या टिंबाचा, २,३६४ अशा दोन क्रमांकांनी. मॅकवर फलक बनवणाऱ्या डिझायनरच्या फाइलींत ते फुटलेलं होतं. शोधात ‘कऱ्हाड’ सापडत नाही ही तक्रार चाकणमधे कुणी केलीच नव्हती. लोकांनी नुसतं खाली सरकत जाऊन फाइल शोधायची सवय लावून घेतली होती. कोरियन कागदासाठी घातलेल्या त्याच एका ओळीने ही नावंही जुळली.

एक गोष्ट मात्र त्याने सुटत नाही. जुन्या काही कीबोर्डांवरून हाच उच्चार ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिघांनी लिहिला जातो. दिसायला तेच. युनिकोड या दोघांना समान मानत नाही, म्हणून कुठलंही नॉर्मलायझेशन त्यांना एक करणार नाही. त्यासाठी शोधाच्या चावीत स्वतंत्र नियम लिहावा लागला.

निकाल

शोध चालू लागला, लांब नावं चढू लागली, एकाच नावाच्या दोन नोंदी पुन्हा झाल्या नाहीत. अडवून ठेवलेला लॉट नव्या मानकाने तपासून सोडला. चुकीच्या मानकाने तपासलेला एकही नग बाहेर गेला नव्हता. त्याचं श्रेय पोर्टलला नाही, दोन कागद शेजारी ठेवून पाहणाऱ्या तपासनीसाला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

फॉन्ट बदलण्याआधी कुणीतरी नावाचे बाइट पाहायला हवे होते. दोन सारखी दिसणारी नावं घेऊन त्यांची लांबी विचारायला मिनिटभर पुरतं. चार तिकिटं एका माणसाच्या टेबलावर आली असती तरी धागा जुळला असता. ‘नाव फार लांब’ आणि ‘शोधात सापडत नाही’ या तक्रारी एकाच दिवशी शेजारी ठेवल्या की संशय येतोच. पोर्टल बांधताना चाचणीच्या फाइलींत मॅकवरून आलेली एक जरी असती तर हे पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं, आणि कोरियात हा प्रश्न इतका ओळखीचा आहे की ती असायलाच हवी होती.

पण मूळ दुखणं मला कोडिंगमधे दिसत नाही. नावावरून कागदाची ओळख ठरवणं, हा बांधणीतला दोष होता. नाव हे माणसांनी वाचायचं असतं. त्यात कुणी एक जागा जास्त सोडेल, कुणी आडव्या रेघेऐवजी खालची रेघ देईल, आणि पोर्टल पुन्हा नवा कागद समजेल. नॉर्मलायझेशन त्यातली फक्त एक वाट बंद करतं. प्रत्येक कागदाला स्वतंत्र क्रमांक देऊन आवृत्ती त्याच्यावर बांधावी असा प्रस्ताव चाकणने दिला. मुख्यालयाने तो पुढच्या टप्प्यात घेतला आहे. क्रमांक कोरियात द्यायचा की जिथे कागद जन्मतो तिथे, यावर अजून बोलणी चालू आहेत.